रिकामी पिशवी परत घेतली जाणार नाही

माझ्या नोकरीत बोलायचं काम फारसं नव्हतं. एकच वाक्य होतं, "पिशवी आणली आहे का?" ते मी इतक्या वेळा म्हटलं आहे, की मुलीच्या सासरची मंडळी पहिल्यांदा घरी आली तेव्हा दार उघडून मी त्यांनाही तेच विचारलं. व्याही दचकले. त्यांच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, तो त्यांनी उगाच मागे घेतला. सुलभाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, स्वयंपाकघरातून जे पाहिलं त्याचा हिशेब ते लोक गेल्यावर झाला. लग्न मात्र झालं आणि व्याही अजूनही आमच्याकडे येताना पिशवी घेऊन येतात.

मी बिबवेवाडीतल्या एका दुकानात बिलाच्या काउंटरवर बसायचो. मालक ललितशेठ. आधी ते साधं किराणा दुकान होतं, म्हणजे गिऱ्हाईक बाहेर उभं आणि माल आत. पुढे शेठजींनी मधली भिंत पाडली, मांडण्या लावल्या, चाकाच्या टोपल्या आणल्या आणि गिऱ्हाइकाला आत घेतलं. तेव्हापासून लोक स्वतः माल निवडतात, स्वतः ढकलत आणतात आणि काउंटरपाशी आल्यावर दोन्ही हात मोकळे करून माझ्याकडे बघतात. आता हे सगळं न्यायचं कशात, हा प्रश्न जणू माझा.

पातळ प्लास्टिकच्या पिशव्या होत्या तोवर तो प्रश्न नव्हता. जिऱ्याच्या पुडीला एक पिशवी, तिच्यावर दुसरी, आणि वर "अजून एक द्या हो, कचऱ्याला होते." मग बंदी आली. बंदी आल्यावर पुणेकरांनी काय केलं? आधी बंदीच्या कायद्यावर चर्चा केली. एक निवृत्त गृहस्थ मला रोज समजावून सांगत की जाडी किती असली तर चालते, आणि तोपर्यंत मागची रांग थेट तेलाच्या डब्यांपर्यंत जाई. मी म्हणायचो, "काका, जाड असो की पातळ, माझ्याकडे नाही." ते म्हणायचे, "मुद्दा तो नाही." मुद्दा काय होता ते मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

पिशवी आणली आहे का, याला सरळ उत्तर फार थोडे देत. "गाडीत आहे." गाडी कुठे? तळघरात. हे उत्तर खराडीहून परतताना उतरणाऱ्या जोडप्याचं. दोघं आयटीत, दोघांच्या पाठीला लॅपटॉपची बॅग. पिशव्या आणायला कोणी जायचं यावर त्यांचं इंग्रजीत हलक्या आवाजात भांडण व्हायचं आणि शेवटी भोपळा लॅपटॉपशेजारी जायचा. दुसरे एक गृहस्थ हेल्मेटमध्ये अंडी न्यायचे. मी एकदा म्हणालो, "साहेब, डोक्याचं काय?" ते म्हणाले, "डोकं टणक आहे, अंडी नाहीत."

आणि पिशवी आणणारे? पिशवीवरून घर कळतं, हे मी छातीठोकपणे सांगतो. पिशवी इस्त्रीची, चौकोनी घडीची, आत दुसरी लहान पिशवी असेल, तर बाई शिक्षिका. पिशवीला पट्ट्याऐवजी सुतळी बांधलेली असेल, तर घरात दुरुस्तीची हौस असलेला निवृत्त माणूस आहे. एक बाई नेहमी लग्नाच्या छापील पिशव्या आणायच्या, वर गणपती, खाली वधूवरांची नावं. सारख्या त्याच नावांच्या आणि नव्या कोऱ्या. एकदा मी कौतुकाने विचारलं, "लग्न थाटात झालेलं दिसतंय." त्या म्हणाल्या, "मोडलं. पिशव्या आधी छापून आल्या होत्या." पुढे त्या म्हणाल्या, "मुलगी सुखात आहे हो. पिशव्या तेवढ्या संपत नाहीत." त्यानंतर मी पिशवीवरचं काही वाचायचं सोडून दिलं.

पिशवी भरणं हेही एक काम आहे, आणि ते येरागबाळ्याचं नाही. जड खाली, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण साबण आणि चहा शेजारी गेले की आठवडाभर घरात साबणाचा चहा होतो, हे पहिल्या तक्रारीनंतर कळतं. पोह्यांचं पाकीट उभं ठेवायचं, आडवं ठेवलं की वरच्या तेलाच्या पिशवीखाली त्याचा चुरा. पाव सगळ्यांत शेवटी, आणि तो गिऱ्हाइकाच्या हातात देऊन सांगायचं की हा तुम्हीच ठेवा, म्हणजे दबला तर दोष त्यांचा. मी भरलेली पिशवी टेबलावर ठेवली की पडत नसे. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. आता गुडघे कुरकुरतात, पण घरी सामान आलं की सुलभा पिशवी माझ्यापुढेच ठेवते.

तर पिशवी नसलेल्यांसाठी शेठजींनी विकतच्या पिशव्या ठेवल्या. लोक त्या घ्यायचे आणि पुढच्या वेळी परत हात हलवत यायचे. घरोघरी पिशव्यांच्या आत पिशव्या आणि त्यांची एक मोठी पिशवी दाराच्या मागे, अशी परिस्थिती झाली. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की दाराशी खुंट्या ठोकाव्यात, कापडी पिशव्या टांगाव्यात. विसरलात तर न्या, पुढच्या वेळी आणून टांगा. ललितशेठ म्हणाले, "कदम, पुण्यात वाचायला नेलेलं पुस्तक परत येत नाही. तुम्ही पिशवीचं बोलता." पण त्यांच्या मेहुण्याचं कापडाचं दुकान होतं, तिथे ठाणांचे उरलेले तुकडे पडून असत. कापड फुकट मिळणार म्हटल्यावर शेठजी तयार झाले. शिवणार कोण एवढाच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर दुकानाच्या दाराशीच चिकटवलेलं होतं.

म्हणजे असं की, दाराजवळच्या फळ्यावर लोक आपापल्या चिठ्ठ्या लावत. पोळ्या करून मिळतील, गणिताची शिकवणी, खोली भाड्याने. त्यात एक चिठ्ठी होती, "ब्लाउज शिवून मिळतील. मंगल." खाली फोन नंबरच्या बारीक पट्ट्या कापलेल्या होत्या. खोलीवाल्याच्या पट्ट्या दोन दिवसांत गेल्या, पोळीवालीच्या गेल्या, मंगलच्या सगळ्या जागेवर होत्या.

मंगल यवतमाळकडची. नवऱ्याला, सुभाषला, इकडच्या एका कंपनीत काम लागलं म्हणून आली. मागच्या गल्लीत एक खोली, खोलीत पलंगाएवढीच जागा शिलाई मशीनला. दुकानात आली की आधी फळ्याकडे बघायची, मग डाळ घ्यायची. एकदा मला म्हणाली, "काका, एकही पट्टी नाही फाटली. काहून जी? अक्षर खराब आहे का माझं?"

अक्षर उत्तम होतं. अडचण वेगळी होती, ती घरी आल्यावर मला नीट कळली. मी सुलभाला म्हटलं, "एक नवी बाई आहे, ब्लाउज शिवते. दे ना एखादा." सुलभाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला नवा नवराच सुचवला होता. म्हणाली, "अहो, डॉक्टर आणि टेलर मी बदलत नाही." मी म्हटलं, "पण तुझा टेलर तर दर वेळी बाही घट्ट करतो." ती म्हणाली, "करतो ना. पण मला माहीत आहे तो किती घट्ट करतो." नव्या हाताला कोणी ब्लाउज देत नाही. साडी घेताना बाई चार दुकानं फिरते, ब्लाउजला मात्र एकाच जिन्याची पायरी चढते.

म्हणून मंगलला म्हटलं, ब्लाउज येतील तेव्हा येतील, तोवर पिशव्या शिव. पिशवीमागे शेठजी अमुक देतील. ती लगेच कापड घेऊन गेली.

पहिला गठ्ठा घेऊन ती आली तेव्हा मी कपाळावर हात मारला. पिशव्या कसल्या, प्रत्येकीला आतून अस्तर. कडेला पायपिनची बारीक किनार. तोंडाशी हूक. आत चिल्लर ठेवायला लहान खिसा, आणि पट्ट्यांच्या टोकाला ब्लाउजच्या पाठीला असतात तसले कापडी गोंडे. मी म्हटलं, "अगं, कांदे-बटाटे न्यायचेत यातून. साधी शिवायची होती." मंगल ओशाळली. म्हणाली, "साधीच शिवत होती काका. पण मले खराब शिवता येतच नाही."

खुंट्यांवर पिशव्या टांगल्या. सकाळी टांगल्या त्या संध्याकाळपर्यंत गेल्या. शेठजी खूश, मी खूश. मंगलने आणखी आणल्या, त्याही गेल्या. श्रावण सरला, गणपती आले आणि गेले. परत आलेली पिशवी मात्र एकही नाही. ज्या जन्मात कधी पिशवी विसरल्या नव्हत्या त्या बायकासुद्धा आमच्या दाराशी आल्यावर "अगबाई, आज राहिलीच" म्हणायला लागल्या आणि निवडून, रंग बघून पिशवी न्यायला लागल्या.

मी एक पाटी लिहिली. "पिशवी नेणे. पिशवी आणणे. पैकी पहिले उत्तम जमते आहे." लोकांनी पाटीचं फार कौतुक केलं. मोबाइलवर तिचे फोटो काढले, मला दाखवले, आणि जाताना एकेक पिशवी घेऊन गेले.

पुढे पुढे मला त्या पिशव्या सगळीकडे दिसू लागल्या. स्वारगेटला बससाठी उभा होतो तर एका बाईंच्या खांद्याला आमची निळी पिशवी. मी म्हटलं, "ताई, ही पिशवी..." त्या म्हणाल्या, "छान आहे ना? बाजारात मिळत नाही." एका लग्नात वरमाईच्या बहिणीच्या हातात आमची पिशवी होती, पैठणीवर. त्यात अहेराची पाकिटं होती. तिथे काय म्हणू, बाई, ही कांद्या-बटाट्याची आहे? मी मुकाट्याने जिलेबी खाल्ली.

दसऱ्याच्या आसपास ललितशेठ माझ्या काउंटरशी येऊन उभे राहिले. ते चिडले की आवाज खाली जातो, आणि त्या दिवशी तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. "कदम, मी दुकान चालवतो. पिशव्यांचं अन्नछत्र नाही. आता नवीन शिवायला सांगू नका. आहेत त्या परत आल्या तर ठेवू, नाहीतर खुंट्या काढा, तिथे खराटे टांगू."

हे मंगलला सांगायला मीच गेलो. तिने ऐकून घेतलं आणि मशीनवर खोळ घातली. सुभाष घरी होता. भला माणूस, पण थकलेला. म्हणाला, "काका, मी हिला आधीच सांगितलं होतं. दिवाळीला गावी जाऊ, तेव्हा मशीन घेऊन जाऊ. तिथं शिवू दे. इथं या खोलीत मशीनला ठेवायला जागा नाही, आणि शिवायला काम नाही." मशीन जाणार म्हणजे मंगलही जाणार, आणि हा इथे एकटा खानावळीत जेवणार. मी मंगलला म्हटलं, "गावी तरी काम मिळेल ना?" ती म्हणाली, "काम लय मिळते काका. पण तिथं साऱ्या नात्यातल्या. शिलाई कोणी देत नाही. पुन्हा म्हणतात, वहिनी, उरल्या कापडाची पिशवी शिवून दे." एवढं बोलून ती हसली, पण मला काही हसू आलं नाही.

मला वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला. राग गिऱ्हाइकांचा. एवढी शिकली-सवरलेली माणसं, आणि एक पिशवी आणून टांगता येत नाही? त्याच रागात असताना लेले काकू आल्या. लेले काकू जन्माने नारायण पेठेतल्या, मुलाच्या फ्लॅटमुळे बिबवेवाडीत आलेल्या, आणि हे त्यांनी बिबवेवाडीला अजून माफ केलेलं नव्हतं. नियमाने वागण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. रांगेत कोणी मध्ये घुसलं तर त्या नुसतं बघायच्या आणि तो माणूस आपणहून मागे जायचा. त्यांनी सुद्धा श्रावणात एक हिरवी पिशवी नेली होती.

मी पैसे परत देत म्हटलं, "काकू, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"कसली?"

"हिरवी पिशवी."

"विसरलेले नाही, कदम. धुऊन, इस्त्री करून कपाटात ठेवली आहे."

"मग आणा की."

काकूंनी पर्स मिटली. "रिकामी आणू?"

मला समजलं नाही. मी म्हटलं, "पिशवी रिकामीच असते काकू."

"तुमच्या घरी शेजारणीची वाटी रिकामी परत पाठवतात का?" त्या म्हणाल्या. "चिमूटभर साखर तरी घालतोच ना आपण? मी दोनदा निघाले होते पिशवी घेऊन. पण घालू काय तिच्यात? साखर घालू तर ती तुमच्याकडूनच नेलेली. कढीपत्ता आणू तर तो तुम्ही फुकट देता. किराणा दुकानदाराला माणसाने द्यायचं काय? म्हणून राहिली."

रांगेतली मागची बाई म्हणाली, "अगदी बरोबर. माझ्याही घरी दोन आहेत. रिकामी पिशवी खुंटीला टांगायची म्हणजे बरं दिसत नाही." तिच्या मागची म्हणाली, "मी नारळ आणणार होते, पण तुमच्याकडे नारळांचा ढीग पाहिला आणि परत गेले." म्हणजे मी ज्यांना चोर ठरवून बसलो होतो त्यांना संकोच नडत होता. काही नुसत्याच चोर होत्या, ते सोडा. पण पिशव्या अडल्या होत्या त्या वाटीतल्या साखरेपायी.

लेले काकू मात्र जायला निघाल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ही शिवली कोणी? मी उलटी करून पाहिली. एक टीप उसवूनही पाहिली, परत घातली. नारायण पेठेत आमच्या टेलरचा असा हात होता. तो गेला आणि तेव्हापासून माझ्या एकाही ब्लाउजचा खांदा जागेवर राहत नाही. इथे येऊन चार टेलर करून झाले."

मी मंगलबद्दल सांगितलं. चिठ्ठी दाखवली, तिच्या सगळ्या पट्ट्या दाखवल्या, आणि दिवाळीला मशीन गावी चाललं आहे हेही सांगितलं. काकू चिठ्ठीसमोर चष्मा लावून उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "काकू, दुकानदाराला काही देऊ नका. शिवणारीला द्या. पिशवीत एक ब्लाउजपीस घालून आणा."

"भेट म्हणून?"

"भेट नको. शिवायला."

काकूंनी चष्मा काढून पर्समध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "मापाचा ब्लाउज बरोबर घालीन. पण बिघडला तर तिला नाही, तुम्हाला बोलेन."

ब्लाउजपीसची गोष्ट पुरुष वाचकांसाठी सांगतो, बायकांना माहीतच आहे. आपल्याकडे कोणत्याही घरी बाई गेली की हळदी-कुंकू, ओटी आणि ब्लाउजपीस. हे पीस शिवायचे नसतात. ते पुढे द्यायचे असतात. आम्ही मुलीच्या डोहाळजेवणात दिलेला एक जांभळा पीस बऱ्याच घरांतून फिरून सुलभाच्या ओटीत परत आला होता, तिने घडीवरून ओळखला. म्हणजे बिबवेवाडीत कापडाची वाण नव्हती. कपाटं भरली होती, शिवायला हात मिळत नव्हता.

काकूंची हिरवी पिशवी दुसऱ्या दिवशी आली. आत एक पीस आणि मापाचा ब्लाउज, त्याला टाचणीने चिठ्ठी, "खांदा. बाकी ठीक." मंगलने ती चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "एवढंच? हे तर सोपं आहे." मला मात्र धाकधूक होती. लेले काकूंचं बोलणं मी ऐकलेलं होतं.

मग एका संध्याकाळी काकू नवा ब्लाउज घालून आल्या. मी बिल करत होतो, त्या डाळीच्या भावावर बोलल्या. मी पिशवी भरत होतो, त्या पलीकडच्या सोसायटीच्या पाण्यावर बोलल्या. ब्लाउजचं नाव नाही. मला विचारायचा धीर होईना. दारापर्यंत गेल्या, थांबल्या, आणि तिथूनच म्हणाल्या, "कदम, खांदा उतरत नाही." आणि गेल्या. ज्यांना लेले काकू माहीत नाहीत त्यांना यातलं काही कळणार नाही. मी मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला आनंदाच्या भरात पिशवी आणली का हेही विचारलं नाही.

त्याच रात्री घरी बसून मी नवी पाटी रंगवली. "रिकामी पिशवी परत घेतली जाणार नाही. आत एक ब्लाउजपीस व मापाचा ब्लाउज असावा. शिलाई मंगलताईंना द्यावी." सकाळी ललितशेठ पाटीसमोर उभे राहिले. "कदम, आपण पिशव्या मागतोय की नाकारतोय?" मी म्हटलं, "शेठ, मागून पाहिल्या. आता नाकारून पाहू." ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत." आणि आवाज जरा वर आला, म्हणजे राग गेला होता.

लेले काकूंच्या भजनी मंडळाने सुरुवात केली. मग त्यांच्या सुना. मग सुनांच्या मैत्रिणी. स्वारगेटवाली निळी पिशवी आली, पैठणीवरची पिशवी आली. खुंट्यांवर जागा पुरेना. रोज दुपारी गर्दी ओसरली की पिशव्या उतरवून एकेक पीस आणि त्याचं माप मंगलसाठी वेगळं करायचं हे माझं नवं काम झालं. काहींनी पाटी नीट वाचलेली नसायची. एकीत लिंबं आली. एकीत बेसनाचे लाडू आले, ते मी आणि शेठजींनी तपासले. खराडीच्या जोडप्यातल्या नवऱ्याने दोन शर्ट पाठवले, बटणं तुटलेले, आणि वर "सॉरी, मला ब्लाउज नाही" अशी चिठ्ठी. सुभाष कामावरून आला की मोटरसायकलला दोन्ही बाजूंना पिशव्या लावून तयार ब्लाउज घरोघर पोचवू लागला. मशीन गावी न्यायचं की नाही, यावर मात्र तो काही बोलत नव्हता आणि मीही विचारत नव्हतो. दिवाळी तोंडावर आली होती. गाडीची तिकिटं काढलेली होती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी नेहमीसारखा पिशव्या रिकाम्या करत होतो. एक पिवळी पिशवी उघडली. आत मोरपंखी पीस, भरजरी काठाचा, आणि मापाचा एक जुना पांढरा ब्लाउज. त्याच्या डाव्या बाहीला खाली आतून लावलेला चौकोनी जोड. तो जोड मी आमच्या गॅलरीतल्या दोरीवर कितीतरी वेळा पाहिला होता. दोरीवर कपडे घालायचं काम माझ्याकडेच आहे. आणि मोरपंखी पीस मुलीच्या लग्नातला, जो सुलभा ट्रंकेच्या तळाशी ठेवून "बघू, चांगला हात मिळाला तर" म्हणत होती.

पिवळी पिशवी आमच्या घरी कधी आली? मी सुट्टीच्या दिवशी दुपारी झोपतो तेव्हा, दुसरं काय. मी गावभर पिशव्यांचा शोध घेत हिंडत होतो, आणि एक माझ्याच ट्रंकेत होती. पाहून मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. शेठजींनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "मिरचीचं पोतं उघडलंय का कोणी?"

मंगल आली तेव्हा मी तो पीस तिच्यापुढे ठेवला. कोणाचा ते बोललो नाही. तिने माप उलटंसुलटं केलं, बाहीत बोट घालून पाहिलं. "बाही घट्ट करून ठेवली आहे बिचारीची," ती म्हणाली. मग कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काका, हा भारी कपडा आहे. घाईत नाही होणार. हा आता दिवाळीनंतरच देईन. चालेल नं?"

मी म्हटलं, "दिवाळीनंतर तू इथे असणार का?"

"मशीन इथंच ठेवून चाललो जी," ती म्हणाली. "हेच म्हणाले काल. एवढ्या बायांचे माप घेऊन गावी पळून गेलो तर लेले काकू यवतमाळला येतील."

संध्याकाळी घरी गेलो. सुलभा पोळ्या करत होती. मी हातपाय धुऊन पाटावर बसलो. मग तव्याकडे बघतच ती म्हणाली, "अहो, आज आल्या का पिशव्या?"

"आली एक पिवळी."

"रिकामी?"

"छे. आमच्याकडे रिकामी घेत नाहीत."

तिने पोळी उलटली, कडेने दाबली. "मग? कधी देणार म्हणाली?"

आयुष्यात पहिल्यांदाच टेलरचं हे उत्तर सांगताना मला आनंद होत होता. मी म्हटलं, "दिवाळीनंतर म्हणाली."

"दिवाळीनंतर?" सुलभाने पोळी माझ्या ताटात टाकली. "म्हणजे झाली म्हणायची ती पुण्याची."